अर्जेंटिनी पुढे, स्पॅनिश मागे? आधी रकान्यात कोण बसलंय ते बघा

पत्राचा सारांश : पत्रलेखिका पुण्यात अर्थशास्त्रात एम.ए. करत आहेत. अमेरिकेत राहणाऱ्या स्पॅनिश मुळाच्या आणि अर्जेंटिनी मुळाच्या समाजांच्या आर्थिक स्थितीची तुलना हा त्यांच्या प्रबंधिकेचा विषय आहे. अमेरिकी जनगणना खात्याच्या तयार तक्त्यात अर्जेंटिनी कुटुंबांचं मध्यक (क्रमाने लावल्यावर बरोबर मधलं) उत्पन्न स्पॅनिश कुटुंबांपेक्षा जरा वर दिसलं. 'शिक्षणाला दिलेला मान आणि धडपडी वृत्ती' असं त्याचं कारण मांडायचा त्यांचा विचार आहे, आणि मार्गदर्शकांनाही तो पसंत आहे. वर्गमैत्रीण मात्र म्हणते की हे वरवरचं आहे, विषयच बदल. न्यू जर्सीतल्या मामांचं मत, 'यात शोधायचं काय? आपल्याच लोकांकडे बघ, सगळा संस्कारांचा खेळ.' हातात चार महिने आहेत. विषय सोडावा की रेटावा, असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

विषय सोडू नका. मात्र तुम्ही दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी लिहायला घेतलंय. 'अर्जेंटिनी पुढे का?' हा दुसरा प्रश्न. 'या दोन रकान्यांत नेमके कोण लोक आहेत?' हा पहिला. तुमच्या पत्रात दोन्ही ठिकाणी 'समाज' हा शब्द आला आहे, पण तक्त्यात समाज नसतो. एका फॉर्मवरच्या एका ओळीत लोकांनी काय लिहिलं, तेवढंच तिथे असतं.

त्या ओळीचीच गोष्ट बघा. 2000 च्या अमेरिकी जनगणनेत स्वतःला 'स्पॅनियर्ड', म्हणजे मूळचे स्पेनचे, म्हणवणारे 1,00,135 लोक निघाले आणि अर्जेंटिनी 1,00,864. जवळजवळ बरोबरी. 2010 मध्ये अर्जेंटिनी झाले 2,24,952 आणि स्पॅनियर्ड 6,35,253. दहा वर्षांत सहापटीहून जास्त! स्पेनमधून एवढी माणसं आली नव्हती, आणि एवढी बाळंही जन्मली नव्हती. बदलला होता फॉर्म. 1990 मध्ये 'इतर हिस्पॅनिक' (हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले) या पर्यायापुढे उदाहरणं छापलेली होती. 2000 मध्ये ती काढली आणि नुसती रिकामी जागा ठेवली. लोकांनी तिथे 'हिस्पॅनिक', 'लॅटिनो' असं मोघम काहीतरी लिहिलं किंवा जागा कोरी सोडली. 2010 मध्ये उदाहरणं परत आली. एकूण सहा, त्यांतलं पहिलं अर्जेंटिनी आणि शेवटचं स्पॅनियर्ड. म्हणजे तुमचे दोन्ही गट त्या छापील ओळीच्या दोन टोकांना होते. पुढे 2020 च्या फॉर्ममध्ये स्पॅनियर्ड हे उदाहरण राहिलं आणि अर्जेंटिनी गळलं.

अर्जेंटिनींच्या वाढीत त्यांच्या देशातल्या 2001 च्या आर्थिक कोसळण्याचा खराखुरा वाटा आहे, ते वेगळं. पण जो गट छापील उदाहरणाने सहापट फुगतो, त्याच्या मध्यक उत्पन्नाला 'स्पॅनिश लोकांचं उत्पन्न' म्हणताना हात थोडा आखडायला हवा.

आता त्या रकान्यात कोण बसलंय ते पाहू. न्यू मेक्सिकोतली कितीतरी घराणी आपलं मूळ स्पॅनिश सरदार ओन्याते याने 1598 मध्ये वसवलेल्या वसाहतीपर्यंत नेतात. त्यांचे पूर्वज अमेरिकेत आलेच नाहीत. मेक्सिकोने हा प्रदेश अमेरिकेला दिला त्या 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गो तहानंतर अमेरिकाच त्यांच्याकडे आली. पुढे जमिनींच्या जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन सनदा तपासायला 1891 मध्ये खास न्यायालय बसलं आणि त्याने दाव्यांतली फारच थोडी जमीन मान्य केली. या लोकांच्या आजच्या उत्पन्नात त्या गमावलेल्या जमिनीचा आणि न्यू मेक्सिकोसारख्या कमी उत्पन्नाच्या राज्यात राहण्याचा हिशेब आहे. 'स्पॅनिश संस्कृती' तिथे शोधून काही हाती लागणार नाही. त्याच रकान्यात 1731 मध्ये कॅनरी बेटांवरून सॅन अँटोनियोला आणलेल्या कुटुंबांचे वंशज आहेत, टँपाच्या सिगार कारखान्यांत आलेल्या अस्तुरियन कामगारांची नातवंडं-पतवंडं आहेत, आयडाहो-नेवाडात मेंढ्या राखायला आलेल्या बास्क लोकांचे वंशज आहेत, आणि हवाईच्या उसाच्या मळ्यांवर गेलेल्या व तिथून कॅलिफोर्नियात उतरलेल्या अंदालुसियन मजुरांचेही. 1924 च्या स्थलांतर कायद्याने स्पेनचा वार्षिक कोटा अवघा 131 केला, तेव्हा नवी आवक जवळपास थांबलीच. आणि या सगळ्यांच्या शेजारी, त्याच रकान्यात, गेल्या पंधरा-वीस वर्षांत माद्रिद-बार्सिलोनाहून आलेला इंजिनिअर किंवा संशोधक बसलाय. या सगळ्यांचं मिळून एक मध्यक उत्पन्न काढता येतं. ते कुणाचं, हे मात्र सांगता येत नाही.

एक बारकावा इथेच नोंदवून ठेवा. जनगणना खात्याच्या बी03001 या तक्त्यात 'स्पॅनियर्ड', 'स्पॅनिश' आणि 'स्पॅनिश अमेरिकन' अशा तीन वेगळ्या ओळी असतात. तुम्ही कुठली घेतली ते पत्रात नाही. एकाच घरातल्या दोन भावांनी वेगवेगळे शब्द लिहिले तर ते वेगवेगळ्या ओळींत जातात.

अर्जेंटिनी रकाना तुलनेने आटोपशीर आहे. त्यात बहुतेक लोक स्वतः आलेले किंवा आलेल्यांची मुलं. 1966 च्या जुलैत लष्करी राजवटीने बुएनोस आयरेस विद्यापीठात पोलीस घुसवले आणि शास्त्रज्ञ-प्राध्यापकांचं बाहेर जाणं सुरू झालं. 1976 ते 1983 ची हुकूमशाही, 1989 ची भडकलेली महागाई, मग डिसेंबर 2001 मध्ये बँकेतल्या ठेवींवर आलेली टाच, तिलाच तिथे 'कोरालितो' म्हणतात. प्रत्येक वेळी देश सोडू शकले ते कोण? ज्यांच्याकडे पदवी होती, विमानाचं तिकीट काढण्याइतके पैसे होते, किंवा आजोबांच्या आधारावर मिळालेला युरोपी पासपोर्ट होता. अमेरिकेची दक्षिण सीमा पायी ओलांडून येण्याइतकं अर्जेंटिना जवळ नाही. तेव्हा तुमच्या तक्त्यात 'शिक्षणाला मान' म्हणून जे दिसतंय, त्यातला मोठा भाग विमानात बसण्याआधीच झालेली चाळण आहे.

चाळणही सरळ एकरेषी नाही. जुलै 1996 ते फेब्रुवारी 2002 या काळात अर्जेंटिनाच्या नागरिकांना व्हिसाशिवाय 90 दिवस अमेरिकेत येता येत होतं. संकट आल्यावर बरेच जण तसे आले, थांबले, आणि मग ती सवलत काढून घेतली गेली. मुक्कामाची मुदत संपल्यावरही राहिलेला पदवीधर आणि नोकरीच्या व्हिसावर आलेला पदवीधर एकाच शिक्षणाच्या रकान्यात मोजला जातो, पण दोघांना मिळणारं काम वेगळं असतं. म्हणून आगमनाचं वर्ष धरल्याशिवाय अर्जेंटिनी गटाबद्दलही काही बोलू नका.

आणि या दोन गटांच्या मधली भिंतही तकलादू आहे. अर्जेंटिनात लाखो स्पॅनिश स्थलांतरित गेले; तिथे स्पेनहून आलेल्या कुणालाही सर्रास 'गायेगो' म्हणतात, मग तो गॅलिशिया या स्पेनच्या प्रांताचा असो वा नसो. गॅलिशियन आजोबांची बुएनोस आयरेसमध्ये जन्मलेली आणि आता मायामीत राहणारी नात काय लिहील? अर्जेंटिनी, बहुधा. तिची अमेरिकेत जन्मलेली मुलगी? सांगता येत नाही. इटालियन किंवा ज्यू मुळाचे काही अर्जेंटिनी तर 'हिस्पॅनिक नाही' यावरच खूण करतात आणि तुमच्या तक्त्यातून सरळ बाहेर पडतात. ब्रायन डंकन आणि स्टीफन ट्रेहो या अर्थशास्त्रज्ञांनी मेक्सिकन मुळाच्या लोकांवर केलेलं काम जरूर वाचा. पिढ्या उलटतात तसं मूळ सांगणं सोडून देणारे लोक सरासरीपेक्षा जास्त शिकलेले असतात, आणि त्यामुळे मागे उरलेला गट कागदावर आहे त्यापेक्षा मागास दिसतो, हा त्यातला मुद्दा तुमच्या स्पॅनियर्ड रकान्याला ताडून बघण्यासारखा आहे. तिथे ओढ उलटीही असू शकते: मेक्सिकन म्हणवून घेण्यापेक्षा स्पॅनियर्ड म्हणवून घेणं काहींना प्रतिष्ठेचं वाटत आलं आहे.

मामांना दुखवायचं कारण नाही, पण त्यांचं उदाहरण त्यांच्याच विरुद्ध जातं. अमेरिकेतल्या भारतीय कुटुंबांचं उत्पन्न वर असतं, याचं मोठं कारण 1965 चा स्थलांतर कायदा आणि 1990 नंतरचा एच-1बी व्हिसा यांनी कुणाला आत घेतलं, हे आहे. तेच संस्कार घेऊन लातूरला किंवा गोंदियाला राहिलेल्यांचं उत्पन्न त्या तक्त्यात येत नाही.

आता कामाकडे वळू. तयार तक्ता बाजूला ठेवा आणि अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना खात्याच्या दरवर्षीच्या सर्वेक्षणाचा व्यक्तिनिहाय खुला नमुना घ्या, ज्याला पम्स म्हणतात. एका वर्षाच्या फाइलमध्ये लोकसंख्येच्या साधारण 1 टक्का माणसं असतात, पाच वर्षांच्या फाइलमध्ये 5 टक्के. सव्वादोन लाखांच्या गटाचे एका वर्षात जेमतेम सव्वादोन हजार लोक हाती येतात. त्यांतले कामाच्या वयाचे, त्यांतले एका राज्यातले, त्यांतल्या स्त्रिया, असं करत गेलात की खणात तीस-चाळीस माणसं उरतात. म्हणून पाच वर्षांचीच फाइल. पूर्ण देशाची ती फाइल दीड कोटीहून जास्त ओळींची असते आणि साध्या लॅपटॉपवर उघडता उघडता दिवस जातो. मिनेसोटा विद्यापीठाच्या आयपम्स या माहितीसंग्रहाच्या संकेतस्थळावर मोफत नोंदणी करा आणि तिथेच गाळणी लावून हव्या त्या लोकांच्याच ओळी मागवा. 2020 चं एका वर्षाचं सर्वेक्षण करोनामुळे बिघडलं होतं आणि खात्याने ते 'प्रायोगिक' म्हणूनच दिलं, तेव्हा ते सुटं वापरू नका.

जनगणना खात्याच्या मूळ पम्समध्ये 'एचआयएसपी' या रकान्यात 13 म्हणजे अर्जेंटिनी आणि 23 म्हणजे स्पॅनियर्ड. जन्मदेशाच्या 'पीओबीपी' रकान्यात अर्जेंटिना 360 आणि स्पेन 134. आयपम्सचे कोड निराळे आहेत. दोन्हींची सरमिसळ ही पहिल्या आठवड्यातली हमखास चूक. पहिलं काम एवढंच करा: स्वतःची ओळख आणि जन्मदेश यांचा आडवा-उभा तक्ता. जन्म अर्जेंटिनाचा पण ओळख अर्जेंटिनी नाही, असे किती? ओळख स्पॅनियर्ड पण जन्म अमेरिकेचा, असे किती, आणि त्यांतले न्यू मेक्सिको, कोलोरॅडो, टेक्सासमध्ये किती? हा एक तक्ता तुमच्या प्रबंधिकेचा निम्मा जीव आहे.

कुटुंबाच्या उत्पन्नात एक खड्डा आहे. तयार तक्त्यात कुटुंब कुठल्या गटाचं, हे कुटुंबप्रमुखावरून ठरतं. प्रमुख म्हणून गोऱ्या नवऱ्याचं नाव असेल तर त्याच्या अर्जेंटिनी बायकोचं उत्पन्न अर्जेंटिनी खात्यात जमा होतच नाही; आणि ती प्रमुख असेल तर नवऱ्याचा पगारही तिथे चढतो. मिश्र विवाह दोन्ही गटांत भरपूर आहेत. म्हणून मुख्य तुलना व्यक्तीच्या कमाईवर करा: वय 25 ते 64, आठवड्याला 35 तास किंवा जास्त, वर्षात 50 आठवडे किंवा जास्त काम करणारे. पण एवढ्यावर थांबलात तर घरी बसावं लागलेल्या स्त्रिया गायब होतात, तेव्हा रोजगाराचं प्रमाण स्त्री-पुरुष वेगळं करून शेजारी द्या. कुटुंबाचं उत्पन्न हवंच असेल तर घरटी एकच ओळ ठेवा आणि कुटुंबाचा भार (वेट, म्हणजे नमुन्यातली ती ओळ किती घरांच्या वतीने मोजायची तो आकडा) वापरा, व्यक्तीचा नको. चार जणांचं घर चारदा मोजलं जातं आणि मध्यक वर सरकतो, ही चूक छापील शोधनिबंधांतही सापडते.

पाच वर्षांचे डॉलर एका पातळीवर आणायला मूळ पम्समध्ये 'एडीजेआयएनसी' हा आकडा दिलेला असतो. त्याला 10 लाखांनी भागून मगच उत्पन्नाला गुणायचं. आयपम्सवर कुठलं समायोजन आधीच झालंय ते त्या रकान्याच्या वर्णनात वाचा, नाहीतर महागाई दोनदा लावाल.

आता तुमच्या 'जरा वर' या दोन शब्दांचा समाचार. प्रकाशित तक्त्यात आकड्याशेजारी ± करून जे असतं ते 90 टक्के खात्रीचं एरर मार्जिन. समजा अर्जेंटिनी मध्यकाचं मार्जिन 5,000 डॉलर, स्पॅनियर्डचं 2,000, आणि दोन मध्यकांतला फरक 4,000. मार्जिनांची बेरीज करायची नाही. दोन्हींचे वर्ग करून मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. 2.5 कोटी अधिक 40 लाख म्हणजे 2.9 कोटी, त्याचं वर्गमूळ सुमारे 5,385. फरक 4,000 चा आणि मार्जिन 5,385 चं. म्हणजे अशा स्थितीत फरक आहे असं म्हणताच येत नाही, मग त्याचं कारण कसलं शोधायचं? तुमच्या खऱ्या आकड्यांवर हे गणित आज रात्रीच करा, दहा मिनिटांचं काम आहे. पम्सवर स्वतः मध्यक काढाल तेव्हा फाइलमध्येच दिलेली 80 रेप्लिकेट वेट (नमुन्यातली अनिश्चितता मोजायला दिलेले पर्यायी भार) वापरायची: प्रत्येक वेटने मध्यक पुन्हा काढायचा, मूळ मध्यकापासूनचा फरक वर्ग करायचा, ऐंशींची बेरीज करून 4 ने गुणून 80 ने भागायचं. ते झालं व्हेरियन्स. त्याचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड एरर.

चार महिन्यांत करण्यासारखे तीन मार्ग दिसतात. पहिला, मूळ विषय तसाच ठेवून 'ओळखी'ची तुलना करणं आणि तिच्या मर्यादा लिहिणं. सोपा आहे, पण हाती फारसं लागत नाही. दुसरा, अर्जेंटिनात जन्मलेले आणि स्पेनमध्ये जन्मलेले यांची तुलना, दोन्हीकडे 18 व्या वर्षानंतर आलेले आणि एकाच कालखंडात आलेले लोक घेऊन. आगमनाचं वय काढताना सर्वेक्षणाच्या वर्षातून आगमनाचं वर्ष वजा करा आणि जे उरेल ते सर्वेक्षणावेळच्या वयातून वजा करा. पाच वर्षांच्या फाइलमध्ये सर्वेक्षणाचं वर्ष अनुक्रमांकाच्या पहिल्या चार आकड्यांत असतं. तिसरा, दुसऱ्या पिढीचा अभ्यास. तो सगळ्यांत चविष्ट, पण या सर्वेक्षणात आईवडिलांचा जन्मदेश विचारतच नाहीत. त्यासाठी करंट पॉप्युलेशन सर्व्हे या दुसऱ्या सरकारी सर्वेक्षणाचा मार्चचा पुरवणी भाग घ्यावा लागतो, ज्यात 1994 पासून तो प्रश्न आहे. नमुना लहान, म्हणून बरीच वर्षं एकत्र करायची; आणि त्यात साधारण निम्मी घरं पुढच्या वर्षी पुन्हा येतात, म्हणून एक सोडून एक वर्ष घ्यायचं.

माझा कौल दुसऱ्याला. पहिल्यातला ओळखीचा तक्ता त्याची प्रस्तावना म्हणून वापरा. तिसरा पीएच.डी.साठी राखून ठेवा.

दुसऱ्या मार्गात वय, लिंग, शिक्षण, आगमनाचा काळ, इंग्रजी आणि राज्य यांनी फरकाचा किती भाग उलगडतो, ते ओआहाका-ब्लाइंडर पद्धतीने काढता येईल. ती दोन्ही बाजूंनी चालवा, एकदा अर्जेंटिनी गुणक (शिक्षण, वय अशा प्रत्येक घटकाचा कमाईवरचा परिणाम सांगणारे आकडे) धरून, एकदा स्पॅनिश. उत्तरं वेगळी येतात आणि परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. राज्य विसरू नका. अर्जेंटिनी लोक फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात जास्त आहेत. मायामीचं भाडं आणि अल्बुकर्कीचं भाडं एका डॉलरात मोजणं म्हणजे बांद्र्याचा आणि बार्शीचा पगार एकाच तराजूत टाकणं. राज्यवार किंमतपातळीचे आकडे अमेरिकेच्या आर्थिक विश्लेषण खात्याकडे मिळतात.

एवढं करून जो भाग उलगडला नाही, त्याला 'संस्कृती' असं नाव देण्याचा मोह होईल. मार्गदर्शकांचा आग्रह बहुधा तिथेच असणार. न उलगडलेल्या भागात व्हिसाचा प्रकार आहे, पदवी कुठल्या विद्यापीठाची ते आहे, ओळखीपाळखी आहेत, भेदभाव आहे, आणि असेल तर संस्कृतीही आहे. या आकड्यांत त्यांची फोड होत नाही. मार्गदर्शकांना तोंडावर 'सर, हे चुकीचं आहे' म्हणण्यापेक्षा ओळख आणि जन्मदेशाचा तो आडवा-उभा तक्ता एका पानावर छापून घेऊन जा, सोबत 2000 आणि 2010 चे ते चार आकडे. 'स्पॅनियर्ड सहापट कसे झाले?' हा प्रश्न त्यांनाच विचारू द्या. संस्कृतीचं प्रकरण काढायला लावू नका, फक्त त्याची जागा बदला: शेवटच्या प्रकरणात, दोन पानं, 'या आकड्यांतून काय सांगता येत नाही' या मथळ्याखाली.

मैत्रिणीला ते मार्जिनचं गणित तपासायला द्या. विषय वरवरचा आहे हे तिला आधी दिसलं, तर चूकही तिलाच आधी सापडेल.